रडवीमावशीचं बाळ

तिला सगळे रडवीमावशी म्हणत, आणि या नावाचा तिला थोडा अभिमानच होता. अडतीस वर्षं तिनं सरकारी दवाखान्याच्या बाळंतखोलीत नर्स म्हणून काम केलं, आणि मूल जन्माला आलं की ते रडेपर्यंत ती कुणाला जागचं हलू देत नसे. मोठे डॉक्टर घड्याळ बघोत, आया गरम पाण्याची भांडी घेऊन खोळंबोत, मावशीचं म्हणणं एकच. आधी रडू दे, मग पुढचं बोला. गावातली निम्मी माणसं आयुष्यात पहिल्यांदा रडली ती तिच्या हातात. त्यातल्या बऱ्याच जणांना आता टक्कल पडलं होतं, पोटं सुटली होती, आणि ती रस्त्यात दिसली की ही मंडळी घाईघाईनं पलीकडच्या बाजूला जात. आपल्याला उघडंनागडं उलटं धरलेल्या बाईसमोर रुबाब करणं तसं जडच जातं.

तिचा एक नियम होता. बाळंतखोलीतलं बाळंतखोलीत. कोण किती किंचाळली, कुणी नवऱ्याचा कसा उद्धार केला, कुणाचं मूल कसं आलं, यातलं अक्षरही तिनं कधी दाराबाहेर नेलं नाही. एरवी ती चांगली फटकळ होती, पण इथं तोंडाला कुलूप. शेजारणी खोदून खोदून विचारून थकल्या आणि शेवटी त्यांनी नाद सोडला.

आता चर्चमधल्या लाकडी बाळाबद्दल सांगायला हवं, कारण सगळा तंटा त्याच्यावरून झाला.

मावशीचा नवरा सुतार होता. लग्नानंतर चौथ्या वर्षी तिला दिवस गेले तेव्हा त्यानं जाड खांबांचा एक पाळणा केला. नऊ महिने भरले, मुलगी झाली, आणि ती रडली नाही. त्या दिवशी मावशी स्वतःच खाटेवर होती, ड्युटीवर दुसरी नर्स होती. मावशी आढ्याकडे बघत नुसती ऐकत राहिली. भांड्यांचा आवाज आला, नळाचा आला, कुणीतरी दार लोटल्याचा आला. ज्याची वाट होती तो आलाच नाही. पुढं त्यांना मूल झालं नाही, आणि पाळणा माळ्यावर गेला.

सतरा वर्षांनी नाताळच्या तोंडावर चर्चच्या गोठ्याच्या देखाव्यातलं जुनं मातीचं बाळ फुटलं. तेव्हाच्या फादरांनी सुताराला विचारलं, एखादं करून देता का? त्यानं माळ्यावरून पाळणा उतरवला, एक खांब कापला आणि तीन आठवडे कोरत बसला. मावशीला त्यानं दाखवलं तेव्हा ती खालीच बसली. बाळाचे डोळे घट्ट मिटलेले, मुठी आवळलेल्या, कपाळाला आठ्या, बेंबीशी दोऱ्यानं बांधलेली नाळ, आणि तोंड एवढं मोठं उघडलेलं की आतली जीभ दिसत होती.

"आपलं रडलं नाही," सुतार म्हणाला. "हे रडू दे."

तेव्हापासून तीस वर्षं नाताळच्या आदल्या दिवशी मावशी ते बाळ घरच्या कपाटातून काढायची, दवाखान्यातल्यासारखं टॉवेलात घट्ट गुंडाळायची आणि चर्चमध्ये नेऊन गव्हाणीत ठेवायची. सहा वर्षांपूर्वी सुतार गेला. बाळाचं जाणं-येणं चालू राहिलं.

यंदा ती दुपारी दोनला पोचली, तर गव्हाणीत आधीच कुणीतरी झोपलं होतं.

सजावट समितीचा अध्यक्ष शिडीवर उभा राहून तारा ओढत होता. त्याचं दिव्यांचं दुकान होतं, म्हणून त्याला सगळे दिवेवाला म्हणत. माणूस वाईट नव्हता. दरवर्षी स्वतःच्या दुकानातल्या माळा आणून चर्च असं उजळायचा की म्हाताऱ्यांचे डोळे दिपायचे. यंदा त्यानं वडिलांच्या स्मरणार्थ अख्खा देखावाच नवा आणला होता. मेंढ्या, मेंढपाळ, गाढव, आई, बाप, सगळं गुळगुळीत आणि चकचकीत. गव्हाणीतलं बाळ गोरंपान, गुबगुबीत, दोन्ही हात पसरून हसत होतं.

मावशीनं चष्मा लावला आणि त्याची तपासणी केली. तीसुद्धा अगदी रीतसर, डोक्यापासून पायापर्यंत.

"हे कधी जन्मलं म्हणायचं?"

"आज रात्री, मावशी," दिवेवाला वरूनच म्हणाला.

"छे. हे सहा महिन्यांचं आहे. मान धरलीये, नजर स्थिर आहे, नाळेचा पत्ता नाही. याला उद्या दात येईल."

मेंढपाळ पुसणाऱ्या दोन बायका तोंडाला फडकं लावून हसल्या. दिवेवाला खाली उतरला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मावशी, तुमचं बाळ आम्ही टाकून देत नाही आहोत. मागच्या खोलीत काचेच्या पेटीत ठेवू, खाली काकांचं नाव लिहू. पण लोक इथं शांत व्हायला येतात. समोर ते तोंड फाडून रडणारं पोर बघून मुलं घाबरतात. आणि खरं सांगू का, देवाचं बाळ कशाला रडेल?"

इथं मावशीचं डोकं सटकलं. सटकायलाच हवं होतं.

"मग तो आला कशाला?" ती म्हणाली. "वर बरा होता की. कुणी आमंत्रण दिलं होतं? माणसाच्या पोटी यायचं म्हणजे पहिला श्वास घ्यावा लागतो रे, आणि पहिला श्वास रडत घेतात. दुसरा रस्ता मला अडतीस वर्षांत दिसला नाही. हा रडला नसेल तर हा जन्मलाच नाही, नुसता तोंड दाखवून गेला. असला देव मला नको. थंडीत कुडकुडला, भुकेनं कळवळला, आईला हाक मारता येईना म्हणून रडला, तो मला हवाय. तोच आपल्याकडे आलाय."

"समितीत ठरलंय, मावशी."

"मग समितीला सांग, मला उचलून बाहेर ठेवा म्हणावं."

आणि त्र्याहत्तर वर्षांची ती बाई साडी सावरत देखाव्याभोवतीच्या कठड्यावरून आत शिरली, नव्या गाढवाला कोपरानं बाजूला सारलं आणि पेंढ्यावर मांडी घालून बसली. लाकडी बाळ मांडीवर. सहाच्या प्रार्थनेला अजून साडेतीन तास होते.

बातमी गावभर झाली. लोक काहीतरी निमित्त काढून येत होते, मावशीकडे बघत होते, आणि गोठ्यात एकदम इतकी जान आल्याचं कुणाला नाकारता येत नव्हतं. फादर आले. ते तरुण होते, इथं येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. त्यांनी सुचवलं की दोन्ही बाळं शेजारी शेजारी ठेवावीत.

"जुळी झाली का?" मावशीनं विचारलं. फादर हसू दाबत कार्यालयात गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

पाच वाजले. पेंढा टोचत होता, गुडघे ठणकत होते, फरशीचा गारठा हाडापर्यंत पोचला होता. दिवेवाला समोरच्या बाकावर डोकं धरून बसला होता. त्याचं वडिलांवर फार प्रेम होतं. ते गेल्यानंतरच्या पहिल्याच नाताळला त्यांच्या नावाच्या भेटीचा असा तमाशा झाला होता, आणि तो अगदी रडकुंडीला आला होता. मावशीला ते दिसत होतं. तिला त्याची दया येत होती आणि रागही तेवढाच येत होता.

कारण या माणसाला गप्प करायला तिला एक वाक्य पुरलं असतं.

चव्वेचाळीस वर्षांपूर्वी हा जन्मला तेव्हा निळाजांभळा होता आणि हूं की चूं करत नव्हता. मावशीची मुलगी जाऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. मोठ्या डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि हातमोजे काढायला सुरुवात केली. "तुम्ही काढा," ती त्यांना म्हणाली होती, "मी थांबत नाहीये." तिनं त्याचं तोंड साफ केलं, टॉवेलानं पाठ चोळली, आणि गालात मावेल तेवढीच हवा त्याच्या तोंडात फुंकत राहिली. फुंकायची, चोळायची, परत फुंकायची. तिला दरडावून बाजूला व्हायला सांगितलं तरी ती हलली नाही. चार मिनिटांनी तो रडला.

पण बाळंतखोलीतलं बाळंतखोलीत. तिनं ओठ घट्ट मिटले आणि लाकडी बाळाचा टॉवेल नीट केला. नियम मोडून जिंकण्यापेक्षा इथंच बसून गोठायला ती तयार होती.

साडेपाचला दाराशी काठीचा आवाज आला. दिवेवाल्याची आई सुनेच्या आधारानं एकेक पाऊल टाकत गोठ्यापर्यंत आली. तिनं नवं गुळगुळीत बाळ पाहिलं, मग मावशीच्या मांडीवरचं पाहिलं.

"सिस्टर," ती म्हणाली. मावशीला सिस्टर म्हणणारी गावात ती एकटीच उरली होती. "तुम्ही याला सांगितलं नाहीत?"

"नाही."

"अजूनही?"

"ते माझं सांगायचं नाही."

म्हातारी मुलाकडे वळली. तो उठून उभा राहिला.

"आई, तू कशाला आलीस एवढ्या थंडीत? बाबांच्या नावानं आणलंय गं मी हे. मला वाटलं, सुंदर असावं."

"बैस," आई म्हणाली. "तू जन्मलास तेव्हा रडला नाहीस. चार मिनिटं. डॉक्टरांनी हात टेकले होते. ही एकटी तुझ्या तोंडात फुंकत होती, आणि मी पडल्या पडल्या विचारत होते, का रडत नाही, का रडत नाही. कुणी उत्तर देईना. मी देवाला म्हटलं, मला काही नको, याचा आवाज तेवढा ऐकव."

दिवेवाला बसला. माळांवर काम करणारे हात जिथल्या तिथं थांबले होते.

"तुझे बाबा बाहेर भिंतीला कान लावून उभे होते," ती पुढं म्हणाली. "तू रडलास आणि ते तिथंच, त्या बोळात, सगळ्यांसमोर गुडघ्यावर बसले. मरेपर्यंत दर नाताळला इथं उभं राहून ते या लाकडाच्या बाळाकडे बघायचे. तुला वाटायचं, प्रार्थना करतात. ते ऐकायचे रे. त्यांच्या नावानं काय ठेवायचं ते आता तूच ठरव."

 तो उठला, कठडा ओलांडून आत आला आणि गव्हाणीतलं हसरं बाळ त्यानं बाहेर काढून बायकोच्या हातात दिलं. मावशीसमोर तो पेंढ्यात गुडघे टेकून बसला. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं, ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. त्यानं दोन्ही हात पुढं केले.

मावशीनं त्याला नीट न्याहाळलं. चांगला रडत होता. मग तिनं लाकडी बाळ त्याच्या हातात दिलं, पण स्वतःचा हात लगेच काढला नाही.

"मान धर," ती म्हणाली. "आत्ताच जन्मलंय."