दुसरी खुर्ची

शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकवाला गेले होते. खोलीभर सतरंजी अंथरलेली आणि कडेला एकच खुर्ची, त्यांच्या थोरल्या लेकीची, मेधाची. तिला स्नायूंचा आजार आहे, वाढत जाणारा. जमिनीवर बसली तर तिला आता उठता येत नाही. धाकटी क्षमा आमच्यात मांडी घालून बसली होती. अत्तरदाणी आणायला ती उठू लागली. आधी ओणवी झाली, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असे स्वतःच्याच पायांवर हात रोवत, भिंत चढावी तशी उभी राहिली.

"अगं, आत्तापासूनच म्हातारी झालीस की!" कोणीतरी म्हणालं आणि आम्ही हसलो. काकू हसल्या नाहीत. मेधा पूर्वी अशीच उठायची, हे मला तेव्हा आठवलं.

नाक कोणाचं, आवाज कोणाचा, आपण किती हौसेनं शोधत असतो! पण रक्त काही विचारून देत नाही. पैंजण वाजवत पहिलं पाऊल टाकणाऱ्या लेकीच्या पायातसुद्धा ते दुखणं आधीच येऊन बसलेलं असतं, आणि आपण टाळ्या पिटत असतो.

काकूंनी आतून एक खुर्ची आणली आणि मेधाशेजारी ठेवली. "क्षमा, तू इथे बस."

"मला कशाला खुर्ची?" क्षमा हसली. "मी काय मेधाताई आहे?"

मेधा वाकली आणि पदराच्या टोकानं ती रिकामी खुर्ची पुसत राहिली.