तिघांतला काळा वॉचमन

बेंगळुरूत महादेवपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमधून प्रोजेक्टर गेला आणि चोर अर्धी प्यालेली सोड्याची बाटली मागे ठेवून गेला. एरवी लोक पोलिसांत तक्रार देऊन विसरले असते. पण आमच्याकडे बिल्डिंगभर आयटीवाले, त्यात कुणाची तरी एका खाजगी लॅबमध्ये ओळख निघाली. काही दिवसांत बाटलीच्या तोंडावरच्या थुंकीचा रिपोर्ट सोसायटीच्या ग्रुपवर आला. पुरुष. डोळे तपकिरी ते काळे, केस काळे, त्वचा मध्यम ते गडद.

हे चोराचं वर्णन नव्हतं, इथल्या कुठल्याही बसमधल्या कुणाचंही होतं. जिथे माणसांचे डोळे निळे, हिरवे, तपकिरी असे वेगवेगळे असतात, तिथे डीएनएवरून रंगाचा अंदाज निघाला तर निदान काही लोक संशयातून सुटतात. आपल्याकडे कोण सुटणार? आणि कुणीच सुटत नाही, तेव्हा ज्याच्यावर आधीपासून नजर असते तोच अडकतो.

आमच्याकडे वॉचमन तीन. दोघे हिमालयाकडच्या डोंगरातले, उजळ. तिसरे अथणीकडचे अण्णा, मराठी-कानडी दोन्ही बोलणारे, काळे. रिपोर्ट आला त्याच्या दुसऱ्या दिवशी गेटवर अण्णा नव्हते. सेक्रेटरी काकांनी त्यांना सांगितलं होतं, "थुंकीचा नमुना दे. जुळला नाही की ये कामावर." तोवर बिनपगारी.

लोकांची खाजगी माहिती गोळा करण्याविरुद्ध मी पत्रकं वाटणारी; तडक त्यांच्या खोलीवर गेले.

"अण्णा, नमुना द्यायचा नाही."

"का नाही अक्का? मी नाही प्यालो तो सोडा. स्वल्प थुंकतो, मोकळा होतो."

"मोकळे कसले? तो त्यांच्याकडे राहणार. पुढे काही गेलं की आधी तुमचाच काढून बघणार."

"तुमचं बरं आहे. पत्रकं वाटली म्हणून तुम्हाला कोण घरी बसवतंय?"

मी एवढंच म्हटलं, रविवारच्या सभेपर्यंत थांबा. ते थांबले, पण मनापासून नाही.

आमची सभा हिंदी-इंग्रजीत चालते. काका पुण्याचे, चिडले की माझ्यापुरते मराठीवर येतात. मी उठून म्हटलं, रिपोर्टात बसणाऱ्या प्रत्येक पुरुषाने नमुना द्यावा, सुरुवात कमिटीपासून.

"अगं, आमचा काय संबंध? गडद लिहिलंय तिथे!"

"मध्यम ते गडद लिहिलंय, काका."

मागे बसलेल्या त्यांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या, "आमच्यात सगळे गव्हाळ आहेत हो."

काकूंच्या मुलासाठी तेव्हा स्थळं बघणं चाललं होतं. आपल्याकडच्या लग्नाच्या बायोडेटात गोरा, निमगोरा, गव्हाळ इथेच रंग संपतात. काळा माणूस लग्नाला उभाच राहत नाही जणू. मुलगा तिथेच खुर्च्या लावत होता. अण्णांपेक्षा काकणभर जास्तच सावळा.

"काकू, लॅबला बायोडेटा वाचता येत नाही," मी म्हटलं.

पहिला तोच हसला. "आई, देतो ना मी. थुंकायचंच तर आहे."

"काही द्यायचं नाही!" काका ओरडले. "उद्या त्यातून डायबेटिस-बियाबेटिस निघालं आणि बाहेर फुटलं तर? स्थळं येतायत घरात!"

"मग अण्णांचं फुटलं तर चालेल?"

काकांनी चष्मा पुसला. मग कुणीतरी म्हणालं, सोडा ना, पोलीस बघतील. नमुन्याचा विषय मागे पडला. अण्णांना सोमवारपासून बोलवायचं ठरलं.

बोलवलं, पण मागच्या गेटला, जिथे कचऱ्याची गाडी येते. मी भांडायला निघाले तर अण्णांनीच अडवलं. "सरी अक्का, ठीक आहे, ड्युटी आहे ना? पगार चालू झाला. त्यापेक्षा ते ग्रुपवरचं काढायला लावा. कामवाल्या बायका पण विचारतात, तुमचाच रंग लिहिलाय म्हणे."

काकांनी निमूट काढलं. मला फोन दाखवून म्हणाले, "बघ, गेलं." त्यांच्या फोनमधून गेलं होतं. पण तोवर किती जणांनी ते उतरवून घेतलं होतं, पुढे पाठवलं होतं, देव जाणे. आणि लॅबने काय ठेवलं, हे तर काकांनाही ठाऊक नव्हतं.

हे सगळं मी अण्णांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे परत काही गेलं की परत मीच."

"परत सभेत भांडू, अण्णा."

"भांडा," ते म्हणाले. "पण मला घरी बसवायच्या आधी भांडा."