न झालेल्या खुनाचा तपास

नव्वदच्या दशकात आम्ही गुजरातेत भेस्तानला राहत होतो आणि मी घरातच एक छोटं वाचनालय चालवत होते. धुळ्याहून एसटीने जुनी पुस्तकं यायची. कोणी काय नेलं, केव्हा आणलं, कोणत्या पानावर चहा सांडला, सगळं वहीत असायचं. दोन म्हातारे वाचक एकाच जातीची पुस्तकं न्यायचे: ज्यांत निवृत्त, घरात कोणी विचारत नाही असं माणूस खुनी शोधून काढतं. एक मास्तर होते, दुसरे कंपाउंडर. दोघेही सुनांच्या राज्यात राहत.

त्या पुस्तकांतला खून फार स्वच्छ असतो. रक्त कोणाला पुसावं लागत नाही, प्रेत बाहेरच्या खोलीत पडलेलं असताना आत चहा वेळेवर होतो. गुडघे दुखणारा म्हातारा खुन्यामागे जिना मात्र झरझर चढतो. शेवटी सगळ्यांना समोर बसवून तो बोलतो आणि अर्धा तास त्याला कोणी अडवत नाही. माझं मत आहे, आमचे दोघे या अर्ध्या तासासाठीच ती पुस्तकं वाचत.

एका उन्हाळ्यात समोरच्या खोलीत असा अर्धा तास त्यांना सापडला. तिथे नंदुरबारकडचं कुटुंब भाड्याने राहत होतं. नवरा कापडाच्या लूमवर बारा तासांच्या पाळीत, घरी बायको आणि सासू. सोमवारी सासूसुनेचं कडाक्याचं भांडण झालं. मंगळवारपासून सासू दिसेना. गुरुवारी खोलीतून आंबूस वास यायला लागला.

मास्तर माझ्याकडे आले ते कंपाउंडरांना घेऊनच.

"ताई, म्हातारीची मिसरीची डबी खिडकीत आहे. मिसरी सोडून ती कुठे जाईल?"

"बारडोलीला, लेकीच्या बाळंतपणाला. सून सांगत होती."

"सून तेच सांगणार," कंपाउंडर म्हणाले. "मोरीतून पांढरं पाणी येतंय. तीन दिवस. मी औषधांत आयुष्य काढलंय."

"कोणत्या औषधाने पांढरं पाणी येतं?"

"ते तपासात निघेल."

मी त्यांना घरी पाठवलं, पण ते घरी गेले नाहीत. घरमालकाकडे गेले. घरमालक गुजराती, भला माणूस, पोलिसाच्या टोपीला घाबरणारा. संध्याकाळी त्याने सुनेच्या नवऱ्याला सांगितलं, "भाई, रविवार सुधी खोली खाली कर. आपल्याला लफडं नाय जोईये."

शुक्रवारी सकाळी मी समोर गेले. सून भांडी पोत्यात भरत होती. कोपऱ्यात साडीच्या फडक्याने तोंड बांधलेलं पातेलं होतं. मी फडकं सोडलं.

"गहू?"

"कुरडयांना भिजाडेल शेतस, ताई. रोज पाणी बदलस. आज दळाना व्हतात." सासूने जाताना तेवढंच काम सांगितलं होतं. मिसरी मागे ठेवली, कारण लेकीच्या सासरी ती चालत नाही.

मी दोघा तपासनिसांना बोलावून घेतलं. "हात घाला."

मास्तरांनी दोन बोटं घातली, वास घेतला. साठ वर्षं त्यांनी दर सणाला कुरडई खाल्ली होती. गहू तीन दिवस भिजतो, आंबतो, त्याचं पांढरं पाणी रोज ओतावं लागतं, हे त्यांच्या कानावरही आलं नव्हतं. कंपाउंडरांचंही तेच.

"पण डबी खिडकीत होती," मास्तर म्हणाले.

दळलेल्या गव्हाचा चीक मी तिच्याबरोबर माझ्या गच्चीवर शिजवला. प्लास्टिकच्या कागदावर कुरडया घातल्या आणि दोघांना काठ्या देऊन कावळे हाकायला बसवलं. शनिवारी सासू नातवाचे पेढे घेऊन उतरली. सगळं ऐकून म्हणाली, "ही मला मारणार? हिच्याने झुरळ मरत नाही." घरमालकाने लगेच शब्द मागे घेतला.

तरी रविवारी तिची पोती दारात होती. मी विचारलं, तर म्हणाली, "म्हाताऱ्यांचं सोडा, ताई. गुरुवारी कामावरून आल्यावर यांनी माळ्यावर चढून बघितलं. मी आईला तिथे टाकलंय का, ते बघितलं. त्या माळ्याखाली मला झोपायचं नाही. कतारगामला खोली बघितलीये."

कुरडया न्यायला ती गच्चीवर आली. मास्तर खुर्चीतून उठून म्हणाले, "चला, सगळं गोड झालं."

तिने प्लास्टिकच्या कागदावर एकदा नजर फिरवली. "आबा, चार कमी आहेत. तपास करा."

ती डबा घेऊन खाली गेली. खोली दोन महिने रिकामी होती. बघायला येणाऱ्याला घरमालक माणसं किती ते नंतर विचारायचा. आधी विचारायचा, घरात रिटायर झालेलं कोणी आहे का.