मीटरमागचं कार्ड

कुरुंदा सोडलं त्या दिवशी माय एसटीची खिडकी धरून उभी होती. घरच्या हळदीची हळकुंडं फडक्यात बांधून तिने माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "शांते, कार्ड टाकत जाय. मला वाचता येत न्हाई, पर कार्ड आलं का लेकरू बरं हाय, एवढं कळतं." मी चौथी शिकलेली. भोसरीच्या एका खोलीतून दर महिन्याला कार्ड टाकत राहिले.

गावाकडून कार्ड एकदाच आलं. कोपरा फाडलेलं. लिहिणारे नामदेवकाका, माझ्या वडिलांचे, आबांचे, लांबचे चुलतभाऊ. डोळ्याच्या ऑपरेशनला हेच काका महिनाभर आमच्याकडे राहिले होते. खालच्या दुकानातल्या फोनवरून रोज गावाकडे बोलायचे. त्या दुकानाचा नंबर त्यांना पाठ. माय गेली तेव्हा मात्र त्यांना कार्डच सुचलं.

तेही माझ्या हाती पडलं नाही. पोस्टमनने ते शेजारच्या सुमनवहिनींकडे दिलं. त्यांच्या पोरीचा त्या दिवशी साखरपुडा होता आणि मी सकाळपासून त्यांच्याच घरात पुऱ्या लाटत होते. मयताचं कार्ड घरात नेत नाहीत, म्हणून वहिनींनी ते जिन्यातल्या मीटरमागे खोचलं. त्या मीटरखालून मी दिवसभर ताटं नेली. गजरा माळला. पाहुण्यांत हसले. पोरीची ओटी भरली.

दोन दिवसांनी पाहुणे गेल्यावर वहिनींनी कार्ड दिलं. "रागावू नका हो. तुम्हाला कळलंच नव्हतं, म्हणजे सुतकही नव्हतं. ओटीला काही दोष नाही."

ओटीला!

गावी पोचले तर दहावा आदल्याच दिवशी झालेला. काका ओसरीवर सुपारी कातरत होते. "कावळा शिवतच न्हवता. लई ताटकळलो. मग म्हणलं, शांती निघाली हाय, येऊन राहिली. तवा शिवला. आता काहून रडून राहिली? कार्ड तर बराबर टाकलं व्हतं."

मेलेल्या मायला माझ्या नावाने खोटं सांगितलं या माणसाने. आणि मी गप्प. तिथेही गप्प, इथेही गप्प. माझा मलाच सगळ्यांत जास्त राग येतो.

आज संध्याकाळी हे दुसऱ्या पाळीला गेलेले, घर शांत. सुमनवहिनी दारात आल्या. "उद्या पोरीची हळद. तुमच्या आईने दिलेली हळकुंडं शिल्लक आहेत ना? रंग काय चढतो त्यांचा! आणि कुटायला तुम्हीच या बाई."

दहा वर्षांत मी त्यांना कशालाही नाही म्हटलं नव्हतं.

"न्हाई."

"अहो, शुभकार्याला नाही म्हणू नये."

"माझ्या मायची हायत. देणार न्हाई." दार लावलं.

हळकुंडांचा डबा मांडीवर घेऊन बसले आहे. भिंतीपलीकडे भांडी आदळताहेत. आदळू देत. कुरुंद्यात माझ्या कार्डाची वाट पाहणारं आता कोणी नाही. माहेर उरलंय ते या डब्यात, सुकून खडखडीत झालेली सात हळकुंडं. ती मी कुटणार नाही, कोणाला कुटू देणार नाही.