बघूरावांचं जुनं कुलूप

आमच्या शेजारच्या दारातले गृहस्थ काहीही विचारलं की 'बघू' म्हणतात, म्हणून मी त्यांचं नाव बघूराव ठेवलं. जिन्यातल्या सगळ्यांनी ते लगेच उचललं. चपला घ्यायला जातात आणि जुन्याच घालून परत येतात. लग्नालाही 'बघू'च म्हणाले होते. वहिनींनी तो होकार धरला म्हणून संसार उभा राहिला.

तर अशा माणसाच्या हाती दूरदूरचे कॉम्प्युटर इंटरनेटवरून, पण बाहेरच्या कुणाला आत डोकावता येणार नाही अशा बंद वाटेने जोडणारा एक प्रोग्रॅम आहे. ओपन सोर्स, म्हणजे फुकट, आणि आतलं सगळं कुणालाही बघायला उघडं. नोकरीतून उरलेला वेळ त्यातच जातो. त्या प्रोग्रॅममध्ये एक जुनं कुलूप होतं, म्हणजे वाटेवरची माहिती सांकेतिक करायची जुनी पद्धत, हल्ली कुणीही सोम्यागोम्या उघडेल अशी. कुणी वेगळं काही न सांगता प्रोग्रॅम बिल्ड केला, म्हणजे त्या उघड्या मजकुरातून आपल्या मशीनसाठी तयार करून घेतला, तर ते कुलूप आपोआप आत यावं की बाहेर राहावं, एवढंच ठरवायचं होतं. ज्याला हवंच असेल त्याने बिल्ड करताना एक ओळ जास्त लिहावी. पण लिहितो कोण? पुढ्यात येईल ते मुकाट जेवणारीच माणसं जास्त. ठेवावं तर चोरांची सोय, काढावं तर जुन्या यंत्रांची वाट बंद. बघूराव तीन महिने बघत होते.

शेवटी वहिनी म्हणाल्या (भिंत पातळ आहे, माझा काय दोष), "मी भाजीत तिखट बेतानं घालते. झणझणीत हवं तो वरून घेतो. घातलेलं कुणी काढून दाखवावं."

त्या शनिवारी बघूरावांनी कुलूप वगळलं आणि नवी आवृत्ती आधी घरच्या मशीनवर चढवली. रविवारी ती जगाला द्यायची होती.

संध्याकाळी वहिनींच्या वडिलांचा फोन. लेकीच्या घरच्या याच मशीनवरची जुनी गाणी ते त्यांच्या घरी याच वाटेने ऐकतात. त्यांच्याकडचा ही वाट जोडणारा डबा दहा वर्षांपूर्वी बघूरावांनीच बसवलेला, आणि त्याला जुनं कुलूप सोडून दुसरं काही कळत नाही. साऱ्या जगाचा विचार करताना जावई सासऱ्यालाच विसरला होता.

फोन स्पीकरवर होता. मी साखर मागायला गेलो होतो, माझ्या घरात साखरेची बरणी भरलेली असताना.

"जावईबापू, गाणी बंद पडलीत."

"मीच बंद केलीत, बाबा."

"मग चालू करा."

वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, आपल्यापुरती ती एक ओळ लिहून टाका ना. कोणाला कळतंय?"

बघूराव डोकं खाजवत राहिले. आता 'बघू' येणार म्हणून मी वाटी पुढे केली.

"नाही," ते म्हणाले. "मीच लिहिली तर लोकांना कुठल्या तोंडानं सांगू, लिहू नका म्हणून?"

वहिनींनी माझ्या वाटीत साखरेऐवजी मीठ घातलं. मी ते घेऊन घरी आलो.

रविवारी सकाळच्या बसने बघूराव नवा डबा घेऊन सासुरवाडीला गेले, स्टुलावर चढून तो बसवला आणि गाणी सुरू झाल्यावर तिथूनच आवृत्ती जगाला दिली. सासरेबुवा एवढंच म्हणाले, "जुन्या डब्यावर आवाज बरा यायचा."

संध्याकाळी परतले तेव्हा मी खरी साखर घ्यायला तिथेच होतो. वहिनींनी कौतुकाने विचारलं, "चहा टाकू की कॉफी?"

"बघू," बघूराव म्हणाले.