निळ्या पिशवीचा खिसा

खिडकी उघडली की समुद्र थेट मशीनवर येऊन बसायचा, इतकी वहिनींची खोली किनाऱ्याला लागून. नणंद वहिनी म्हणायची, म्हणून सगळी गल्लीच त्यांना वहिनी म्हणे. उभा जन्म शिवणकामात गेला, पण किनाऱ्यावर त्या एकदाही उतरल्या नव्हत्या. नवरा रोज संध्याकाळी चपला पायात सरकवत विचारायचा, "येतेस?" मान वर न करता त्या म्हणायच्या, "हातातलं संपवते आणि येते." हातातलं कधी संपलंच नाही. गेल्या वर्षी नवराच गेला.

हा गृहस्थही भारी. फिरून येताना वाळूतली बाटल्यांची झाकणं उचलून शर्टाच्या खिशात भरून आणायचा. "बाहेरचा कचरा घरात कशाला?" म्हणून वहिनी करवादायच्या. शेवटी, निदान घरभर सांडू तरी नयेत म्हणून, त्यांनीच खिशाला झडप आणि बटण लावून दिलं. तो निळा शर्ट अजून दारामागच्या खुंटीवर होता. त्यांनी तो धुतलाही नव्हता.

नोकरीतून मोकळ्या झालेल्या नणंदबाईंनी आता किनारा साफ करायचं मनावर घेतलं होतं. दर रविवारी अर्धी गल्ली हाताशी धरून त्या वाळूत उतरायच्या. "प्लास्टिक उचलायला प्लास्टिकच्याच पिशव्या? लोक हसतील आपल्याला," असं म्हणत त्यांनी जुन्या चादरी न् पडदे आणून खुंटीखालच्या खुर्चीत रचले. वहिनी पिशव्या शिवू लागल्या. दुपारी मशीनची घरघर आणि लाटांची गाज एकमेकींत मिसळायची, आणि आपण टीप चादरीवर मारतोय की पाण्यावर, हे वहिनींना कळेनासं व्हायचं. अशाच पेंगुळल्या दुपारी ढिगातून काहीतरी निळं हाताला आलं. निळं पाणीच मांडीवर आल्यासारखं वाटलं. त्यांनी कात्री चालवली.

रविवारी सकाळी, पिशव्या गेल्यावर, त्यांचं लक्ष रिकाम्या खुंटीकडे गेलं. शर्ट घसरून ढिगात पडला होता तर. निदान खिसा तरी उसवून आणू, म्हणून छोटी कात्री मुठीत धरून त्या निघाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाळूत उतरल्या.

वाळू मऊ होती, गार होती. माणसं वाकून तुटकी जाळी, कप, बाटल्या गोळा करत होती. धुक्यात सगळे पाण्यावरून चालल्यासारखे दिसत होते. निळी पिशवी गल्लीतल्या निवृत्त पोस्टमनच्या खांद्यावर होती.

"वहिनी, ही मी कुणाला देणार नाही," ते म्हणाले. "बाकीच्या पिशव्यांतली वाळू झटकायला गेलं की झाकणं पुन्हा खाली सांडतात. ह्या खिशातून एक सुटत नाही. बटण लावणारा हुशार हो."

वहिनींनी पिशवी मागून घेतली. बटण काढून खिशात हात घातला. ओली वाळू आणि झाकणं हाताला लागली, अगदी पूर्वी शर्ट धुवायला घेताना लागायची तशी. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. पोस्टमन बिचारे समुद्राकडे बघत उभे राहिले.

कात्री त्यांनी कनवटीला लावली. पायाशी एक लाल झाकण होतं. ते उचललं, खिशात टाकलं आणि पुढच्याकडे वळल्या.

ऊन चढलं, माणसं पांगली. नणंदबाईंनी लांबून हाक मारली, "वहिनी, चला आता घरी."

वाकल्या वाकल्याच वहिनी म्हणाल्या, "हातातलं संपवते आणि येते."