हुंकारावर सरकणारी चित्रं

वाशिमच्या आमच्या सरकारी कार्यालयात एक हिरवं लोखंडी कपाट होतं. त्याला सगळे चित्रसंग्रह म्हणायचे. आत डब्यांमध्ये स्लाइड होत्या: जनावरांचे रोग, बियाण्याची निवड, पिण्याचं पाणी, बाळाची लस. प्रत्येक डब्यासोबत एक छापील मार्गदर्शिका. गोष्ट सत्तरच्या दशकातली. वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं आणि मी मॅट्रिक होऊन नुकतीच तिथं नोकरीला लागले होते. गावोगाव जायचं, भिंतीवर चित्रं दाखवायची आणि बोलायचं, एवढंच काम. घरात पगार आणणारी मी पहिलीच. नोकरी हंगामी होती, पण हा शब्द मी आमच्या गल्लीत कोणाला ऐकू दिला नव्हता.

स्लाइड दाखवायचं मशीन चालवायला एक मामा होते. आधी फिरत्या टॉकीजवर होते, आता आमची जीपही तेच चालवायचे. शाळेच्या खिडक्यांना पोती लावून खोली अंधारी करायची, मी भिंतीपाशी, मामा पार मागे मशीनजवळ. चित्र कधी बदलायचं हे मामांना कळावं म्हणून मार्गदर्शिकेत नियम होता: वक्त्याने बोलावे, श्रोत्यांचा होकार येताच यंत्रचालकाने पुढचे चित्र लावावे. खाली नमुनाही होता. वक्ता म्हणतो, ही विहीर आहे. श्रोते म्हणतात, हूं. चित्र बदला.

ज्यानं कोणी हे लिहिलं तो आमच्या वऱ्हाडात कधी गोष्ट ऐकायला बसला नसावा. इथं सांगणारा एक असतो आणि हूं म्हणणारा एक. हूं म्हणजे समजलं असं नाही. सांगणाऱ्याला एकटं वाटू नये म्हणून ती द्यायची असते. माझे बाबा तर त्यात नावाजलेले. अनसिंगला आमच्या विहारात कोणी पुस्तक वाचायला बसलं की बाबांना मुद्दाम पुढे बसवायचे. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हतं. मी लहानपणी धडा मोठ्यानं वाचायचे तेव्हा चुलीपलीकडून त्यांची हूं यायची आणि मला वाटायचं, आपण फार मोठं काहीतरी वाचून राहिलोय.

पहिला कार्यक्रम मेडशीला. मी म्हटलं, "हे गाईचं वासरू." सगळी खोली म्हणाली, "हूं." खट्‌! मामांनी चित्र बदललं. मी म्हटलं, "थांबा, अजून..." खोली म्हणाली, "हूं." खट्‌! मी वासराच्या कानातल्या गोचिडाबद्दल सांगत होते तेव्हा भिंतीवर त्याच वासराची मोठी गाय होऊन ती दूध देत होती, आणि मी औषधाचं नाव सांगेपर्यंत 'धन्यवाद' आलं. पुढे बसलेले एक म्हातारबुवा खूश होऊन म्हणाले, "रोगबी झाला, दवाबी झाली, दूधबी निंगालं. बढिया काम हाये सरकारचं."

जीपमध्ये मी मामांवर भडकले. ते शांतपणे गिअर टाकत म्हणाले, "किताबात जे लिवलं तेच केलं मी, बाई. भांडाचं असन त किताबाशी भांडा."

मग कामरगावला मी सुरुवातीलाच बजावलं, कोणी हूं म्हणायचं नाही. झालं! लोक असे गप्प बसले की मलाच माझा आवाज नकोसा झाला. मामा इशाऱ्याची वाट बघत राहिले आणि एकच तुरीची शेंग भिंतीवर ताटकळत राहिली. शेवटी एक बाई उठली, लेकराला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "बोलूच देत नाही त आमाले बलावलं कायले?" तिच्यामागे अर्धी खोली गेली.

या दोन्ही गावांची कीर्ती अकोल्याला पोचायला वेळ लागला नाही. निरोप आला: पुढचा कार्यक्रम बघायला मोठे साहेब स्वतः येतील, आणि हाच तमाशा असेल तर मशीन परत नेतील. मशीन गेलं की मी गेले, हे सांगायला कोणाची गरज नव्हती. आणि पुढचा कार्यक्रम होता अनसिंगला, माझ्याच गावात. मला रडू आलं, मग रडू आल्याचा राग आला.

त्या रविवारी घरी मी पाण्याच्या डब्याची मार्गदर्शिका बाबांना वाचून दाखवायला बसले. मी वाचायची, ते हूं म्हणायचे, हातानं दोरी वळणं चालूच. मध्येच थांबून मी विचारलं, "बाबा, आत्ता मी काय वाचलं?"

"काय मालूम," बाबा म्हणाले. "तू वाचत होती, मी हूं म्हनत होतो."

आई चुलीपाशी हसत सुटली. मीही हसले, पण माझं डोकं तिथंच चालायला लागलं. हूं बंद करायची नव्हती, फक्त तिच्या भरवशावर चित्र बदलायचं नव्हतं. मी खळ शिजवली, कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि छापलेल्या नमुन्यांवर माझे नमुने चिकटवले. वक्त्याने चित्राबद्दल एक प्रश्न विचारावा. हूं कितीही आली तरी चित्र हलवू नये. श्रोत्यांपैकी कोणी उत्तर दिलं की मगच बदलावं.

कार्यालयातले आमचे साहेब पट्ट्या बघून म्हणाले, छापलेल्यावर कोणी हात चालवतं का? मी म्हटलं, आता खळ वाळली. बाबांनाही बजावून ठेवलं, कळल्याशिवाय उगाच हूं म्हणू नका.

अनसिंगला शाळा भरून गेली. अकोल्याचे साहेब खुर्चीवर, बाबा आमच्या वस्तीतल्या लोकांसोबत दाराशी. चित्रं छान चालली. मी विचारायची, कोणीतरी सांगायचं, कधी दोघं भांडायचे, मग मामा खट्‌ करायचे. मला मजा यायला लागली. मग विहीर आली. मी विचारलं, "या विहिरीला काय कमी आहे?"

उत्तर सोपं होतं, तिला कठडा नव्हता. पण दाराकडून बाबांचा आवाज आला. "पयले हे सांगा बाई, ही विहीर कोनाची हाये?"

"गावाची," मी म्हटलं. तसंच छापलेलं होतं.

"म्हंजे कोनाकोनाची?"

आमच्या गावात पिण्याच्या विहिरी दोन होत्या, एक गावाची आणि एक आमच्या वस्तीची. का, ते त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी हूंसुद्धा म्हणेना. साहेब खुर्चीत हलले. मला बाबांचा अस्सा राग आला, आजच का म्हणून! आणि त्याच वेळी त्यांचा अभिमानही वाटला.

मागून मामा हळूच म्हणाले, "बाई, बदलू का?"

माझ्याच पट्टीवर लिहिलेलं होतं, उत्तर आल्याशिवाय बदलू नये. "नको," मी म्हटलं. "उत्तर यायचंय."

मग पुढच्या रांगेतले एक वयस्कर शेतकरी घसा खाकरून म्हणाले, "कठडा नाही तिले. लेकरू पडन एखांदं. आपल्या दोन्ही विहिरींची तेच गत हाये. बांधाचा त दोन्हीले बांधा."

हे बाबांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण त्या शाळेत आपल्या विहिरी म्हणून दोन्ही मोजलेल्या मी पहिल्यांदाच ऐकल्या. मी मान हलवली, मामांना अंधारात ती दिसली नसावी, तरी चित्र बदललं.

बाहेर आल्यावर साहेब माझी मार्गदर्शिका चाळत म्हणाले, मशीन इथंच राहू द्या, आणि त्या पट्ट्या अकोल्याला पाठवा, पुढच्या वेळी तशाच छापू. मी धावतच घरी गेले. बाबा दोरी घेऊन बसले होते. मी सगळं एका दमात सांगितलं, साहेब काय म्हणाले, मशीन राहणार, नोकरी राहणार, माझे नमुने छापून येणार. लहानपणापासूनची बाबांची ती हूं काही येईना.

"बाबा, हूं तरी म्हणा ना."

"तूच त म्हनलं, कळल्याबिगर हूं म्हनू नका," बाबा म्हणाले. त्यांनी दोरी खाली ठेवली. "छापून येईन म्हनते. म्हंजे तू लिवलेलं लोक वाचतीन? हे कळू त दे मले. पुन्यांदा सांग."